अडीच सुताची पेटी

कऱ्हाडहून जालन्याला निघाले तेव्हा माझ्याजवळ दहा चौकटींची लाकडी मधपेटी होती, सुतळीनं करकचून बांधलेली. परतले तेव्हा त्यातलं फक्त पत्र्याचं छप्पर काखेत होतं. शेजारच्या वहिनींनी जिन्यातच गाठलं, "अगं बाई, पेटी गाडीत विसरलात की काय?" सत्तावीस वर्षं लोकांच्या विसरलेल्या पिशव्या डेपोत जमा केल्या मी, माझीच पेटी विसरेन होय! ठेवून आले म्हटलं. कुठं, कशी, कुणासाठी हे प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

मी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी गच्चीवर मधमाश्या पाळायला घेतल्या. हौस, दुसरं काय. मोबाइलवर बघून चांगली मोठी पेटी मागवली. खाली तळपाट, त्यावर पिल्लांची कोठी, आत पोळी बांधायला दहा चौकटी, वर छप्पर. एका मळ्यातनं सातेरीची, म्हणजे आपल्या गावठी माशीची, वसाहत आणून आत सोडली. बाराव्या दिवशी पेटी रिकामी. दुसरी वसाहत महिनाभर टिकली, पण तिनं चौकटी सोडून तिरकी, एकमेकांत गुंतलेली पोळी बांधली. एक चौकट उचलायला गेलं की शेजारच्या दोन तुटायच्या. मग तीही गेली.

मधपाळांच्या ग्रुपवर एक सर आहेत. कुणीही काहीही विचारलं की त्यांचं उत्तर तयार. मला म्हणाले, "सातेरी मुळातच पळपुटी. त्यात मराठवाडा-वऱ्हाडाकडची तर बिलकुल धरू नका. छंद करायचा तर इटालियन माशी घ्या." माझं डोकं फिरलं. एवढ्या पिढ्या ही माशी आपल्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत नांदतेय, तिला कुणी हाकलल्याशिवाय ती हलत नाही, आणि माझ्याच पेटीतनं तेवढी पळते? मी तसं लिहिलं. सरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्या चित्राचा अर्थ न कळायला मी काही बावळट नाही.

आणि त्याच आठवड्यात कौसल्याचा फोन आला.

कौसल्या माझ्या ट्रेनिंगची जोडीदारीण. ती जालन्याकडची, मी कऱ्हाडची, पण तीन महिने एका खोलीत राहिलो आणि तेव्हाची मैत्री टिकली. तिची ख्याती अशी की एकदा भोकरदनच्या स्टँडवर पोटुशी बाई उभी होती आणि बसलेला एक पुढारी जागा देईना. कौसल्यानं बेलच दिली नाही. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे आमचं बायबल-कुराण-पोथी सगळं. ड्रायव्हर ओरडला, पुढारी ओरडला, कंट्रोलर धावत आला. ही दोरीला हात लावून उभी. पुढारी उठला तेव्हा डबल बेल दिली.

तीच कौसल्या फोनवर रडकुंडीला आली होती. "सुमन, माह्या भिंतीतल्या अलमारीत तीन वर्षांपसून माश्या बसून राह्यल्या. माहा पोरगा संतोष आता ती भिंत पाडून राह्यला. शनिवारी गवंडी येतो म्हन्ला. त्याच्या आत ये अन् घेऊन जाय त्यांला. न्हाई तं फवारा मारतो म्हने."

मराठवाड्यातली सातेरी, तीन वर्षं एका जागी! सरांच्या नाकावर टिच्चून गच्चीवर आणून दाखवते, असं ठरवूनच मी पेटी बांधली. माझा हेतू असा होता, उगीच परोपकाराचा आव आणत नाही.

मस्तगड, मंगळवार

प्रवासाचं सांगत नाही, आयुष्यभर केला आहे. जालन्याच्या स्टँडवर कौसल्या उभी होती, केस पांढरे, पदर खोचलेला. पेटी बघून म्हणाली, "एवढं मोठं? हे तर माह्या सुनंच्या फ्रिजएवढं झालं." मी म्हटलं, "याच्यातनंच दोनदा पळाल्यात बघ." ती थांबली. "मंग माह्या माश्या ह्याच्यात घालायच्या न्हाईत. आधी हनीफचाचाला दाखवू."

हनीफ मिस्त्री तिच्या गाडीचे जुने प्रवासी. टपावर बाजा, दारांच्या चौकटी बांधून खेड्यांत पोचवायचे. जालन्यातच, मस्तगडात त्यांचं सुतारकामाचं दुकान, गल्ली इतकी अरुंद की पेटी डोक्यावर घेऊनच आत शिरावं लागलं. दुकानात सागाच्या भुशाचा वास, भिंतीला टेकवलेल्या करवती, आणि दारात उन्हाळ्याच्या तयारीचे कूलरचे सांगाडे. चाचांची दाढी पांढरीशुभ्र, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, कानावर लालभडक पेन्सिल. आमच्याकडं गिऱ्हाइकाला आधी काम विचारतात, इथं आधी बसवलं, चहा पाजला, घरात कोण कोण आहे ते विचारलं, आणि मगच चाचांनी पेटीला हात लावला.

बोटानं ठोकून पाहिली, कोपरे तपासले, एक चौकट काढून परत सोडली.

"काम साफ है," ते म्हणाले. "मशीनचं है. लेकिन हे बनवलं कोनाच्या मापाचं?"

"माशीच्या," मी म्हटलं.

"कोनत्या माशीच्या?"

दोन वसाहती सोडल्या, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

"ताई, बाज बनवायची तर मी विचारतो, झोपनार कोन? पोरगं का पैलवान? ही पेटी कोन्या पैलवानासाठी बनली दिसते." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "जाव. माशीचं माप घेऊन या. पट्टी आत जानार न्हाई. ही पेन्सिल बराबर अडीच सूत जाड आहे. हिच्यावरून बघा, वाट कमी का जादा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांचं जग सुतावर चालतं, मिलिमीटर त्यांना पटत नाही. मी पेन्सिल पर्समध्ये टाकली, पेटी परत डोक्यावर घेतली, थोडी रागावूनच. एवढ्या लांबून आले ती गृहपाठ घेऊन बाहेर पडले.

पिंपळगाव रेणुकाई

भोकरदनला गाडी बदलून पिंपळगाव, कौसल्याचं गाव. वाटेत बियाण्याच्या कांद्याची शेतं, पांढरे गोंडे गुडघ्याच्या वर आलेले. आमच्याकडं ऊस म्हणजे हिरवी भिंतच, पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर पार टेकाडापर्यंत जाते. मधेमधे जाळीची घरं, त्यांत ओणव्या बायका फुलाफुलावर हातानं पराग लावत होत्या. कौसल्या म्हणाली, "हजेरीनं माश्याचं काम करून राह्यल्या बाया. अन् माह्या माश्या फुकट करतात तर त्यांच्यावर फवारा."

घर मातीच्या भिंतींचं, पुढं नवी खोली बांधलेली, मागं कौसल्याची जुनी खोली. संतोष, तिचा मुलगा, बोलायला गोड. "मावशी, बरं झालं तुमी आल्या. आईला समजावून सांगा. भिंत खचून राह्यली, पक्की बांधायची हाय. मला काय माश्यांचा राग हाय का? पण गवंडी काम करील का त्या असताना?" त्याचं चूक नव्हतं हेही सांगते. भिंतीला खरंच पोट आलं होतं. अन् नव्या भिंतीवर टीव्ही लावायचा असंही त्याच्या बोलण्यात येऊन गेलं.

रात्री येसराची आमटी. ती भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची असते, दाट आणि जहाल. आमच्या कटाच्या आमटीपेक्षा तिखट. मी दोनदा घेतली आणि हुश्श हुश्श करत पाणी प्यायले. कौसल्याची सून हसायला लागली.

आम्ही जिला फडताळ म्हणतो ती इथं अलमारी. भिंतीतच बांधलेली, दोन जुनी लाकडी दारं. माश्या बाहेरच्या बाजूच्या भेगेतून येतात जातात, आतून दार लावलेलं. कौसल्याची गादी बरोबर त्याखाली. कान लावला तर लांबवर गिरणी चालू असल्यासारखा आवाज.

"भीती नाही वाटली कधी?" मी विचारलं.

"रिटायर झाले अन् सगळं पोराच्या हवाली केलं. सैपाक सुनंचा, शेत संतोषचं, पेन्शनीचं कार्डबी त्याच्यापाशी. मला काही म्हनना न्हाई, दोघं चांगले हायेत. पण ह्या घरात माह्या मर्जीनं एकच गोष्ट राह्यली, ती ह्या भिंतीत हाय." आणि कूस बदलून ती झोपली. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही.

बुधवारी ऊन चढल्यावर अलमारीचं दार उघडलं. गवरीचा धूर थोडा दिला. आत सहा पोळी, एकाशेजारी एक, दांडीवर घड्या घालून टाकलेल्या चादरींसारखी नीट. दोन पोळ्यांच्या मधे मी पेन्सिल सरकवली. दोन्ही बाजूंना टेकत, पण न चिमटता ती सरळ आत गेली. दुसऱ्या फटीत तशीच, तिसऱ्या फटीत तशीच. मातीच्या अलमारीत, अंधारात, कुणी पट्टी न देता सगळीकडं अडीच सूत.

मग माझ्या पेटीत पेन्सिल घातली. चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये ती खुळखुळली. तीन सूत सहज होतं. पेटी मोठ्या अंगाच्या इटालियन माशीसाठी बनवलेली होती आणि मी तिच्यात आपली लहान माशी कोंबत होते. अर्ध्या सुतानं माझ्या दोन वसाहती घालवल्या होत्या, आणि मी नशिबाला बोल लावत बसले होते. सर तर माशीलाच पळपुटी म्हणून मोकळे! एवढा संताप आला की मी हात झटकला, आणि एकीनं पापणीवर डंख मारला. तासाभरात डोळा बटाट्याएवढा सुजून बंद झाला. उरलेल्या एका डोळ्यानंच, पेटी आणि कौसल्याला घेऊन, दुपारची जालन्याची गाडी पकडली.

पुन्हा मस्तगड

हनीफचाचांनी माप ऐकलं, सुजलेल्या डोळ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "माप देनारीनं सही बी केली." मग मला न विचारता पेटीला करवत लावली. लांबी कमी, रुंदी कमी, दहाच्या जागी सात चौकटी, चौकटीही कापून आखूड. ते म्हणाले उद्या दुपारी या. आम्ही रात्री कौसल्याच्या ओळखीच्या एका बाईकडं मुक्काम केला.

गुरुवारी दुपारी गेलो तर पेटी तयार. रंधा मारून गुळगुळीत, कोपरे घट्ट, बघत राहावी अशी. चाचांनी स्वतः चौकट सोडून दाखवली. ती अशी बसली की हलेना.

"बघा. हवा जायची न्हाई."

मी चौकट ओढली. निघेना. डोकं आत घालून पाहिलं तर चौकट आणि पेटीच्या भिंतीमधली सगळी फट त्यांनी बारीक पट्ट्या ठोकून, वर भुसा आणि डिंकाचा लेप देऊन बंद केली होती. पोळ्यांच्या मधली अडीच सूत वाट बरोबर ठेवली होती. कडेची वाट मात्र त्यांना दोष वाटली.

"चाचा, हे काय केलंत? फट कुठं गेली?"

"फट?" त्यांचा चेहराच बदलला. "ताई, पन्नास वर्षांत हनीफच्या कामात कोनी फट दाखवली न्हाई. तुमी म्हन्ता फट कुठं गेली?"

"त्या फटीसाठीच तर कऱ्हाडहून आले मी!"

"फटवाला दरवाजा पायजे असंल तं दुसरा मिस्त्री बघा. बिलकुल न्हाई करनार."

माझाही आवाज चढला, त्यांचाही. गल्लीतले दोघं दारात येऊन उभे राहिले. कौसल्या मधे पडून "चाचा, ऐका तं" म्हणत होती, तिचं कोण ऐकतंय! शुक्रवार तोंडावर, शनिवारी गवंडी, आणि ही पेटी सुंदर पण निकामी. मी अक्षरशः रडायच्या बेताला आले. तसं झालं की मी जास्तच ओरडते.

मग मी काय केलं, तर दुकानातली दोन बाकडी ओढून समोरासमोर ठेवली. "चाचा, इथं बसा. कौसल्या, तू समोर." दोघंही बसले, नाईलाजानं. मी बाकडी एवढी जवळ सरकवली की गुडघ्याला गुडघे लागले. "आता मी कंडक्टर. तिकीट फाडायला मागं जायचंय. जाऊ कशी?"

"जाता येत न्हाई," चाचा म्हणाले.

"माशीचं तसंच. आत अंधारात हजारो जणी आहेत, दिवसभर जा-ये. पिल्लांना भरवायचं, झाडायचं, पाणी फिरवायचं. चौकट भिंतीला चिकटली की गाडीतली वाटच बंद." मग मी बाकडी लांब सारली, चांगली चार हात. "आता? आता जागा ऐसपैस आहे. अशा वाटेत आपले लोक काय करतात?"

कौसल्या हसली. "गाठोडी टाकतेत. पोती, टोपल्या, कोंबड्याचा खुराडा."

"बघा! माशीपण तेच करते. जास्त जागा दिसली की तिथं आडवं पोळं बांधते. मग सगळी गाडी तुंबते. एक कंडक्टर जाईल आणि गाठोडं मावणार नाही, एवढीच वाट लागते. सगळीकडं. खाली, वर, कडेला."

चाचा बाकड्यावरून उठले. पेटीत वाकून बघितलं. पेन्सिल मागून घेतली, पट्टीवर टेकवली. "मंग ही फट न्हाई," ते हळू म्हणाले. "हा रस्ता है. आधी सांगायचं ना ताई. भांडत काय बसल्या." आणि दारातल्या दोघांना, "जाव रे, तमाशा खतम."

पटाशीनं एकेक पट्टी उचकटताना त्यांचा जीव किती तुटत होता ते मला दिसत होतं. स्वतःचं घोटून केलेलं काम खरवडायचं! दर चौकटीला पेन्सिल फिरवून पाहायचे, अडली तर परत रंधा. तळपाटाच्या तोंडाची फळीही त्यांनी तेवढीच कापली, एक पेन्सिल आडवी जाईल एवढी, म्हणजे पाल, उंदीर आत शिरायला नको. मधेच घरातून खिचडी-खट्टा आला. खिचडीवर चिंचेचं तीळ घातलेलं पातळ पाणी ओतून खातात. आमच्याकडं खिचडी आजाऱ्याला देतात, इथं ती पाहुण्याला. निघताना पेन्सिल परत द्यायला गेले तर म्हणाले, "ठेवा. मी दुसरी घेतो. तुमच्या माशीचं माप है ते."

अलमारी रिकामी झाली तो दिवस

रात्रीच पेटी घेऊन पिंपळगावला परतलो आणि शुक्रवारी सकाळी रेणुकाईच्या देवळात जाऊन आलो. कौसल्यानं देवीपुढं नारळ ठेवला आणि कंडक्टरच्याच आवाजात म्हणाली, "आई, त्या पळाल्या तर मी तोंड कुठं दाखवू? बघ बाई तूच."

दुपार कलल्यावर दार उघडलं. मी जाळी घालून, ती नुसता पदर डोक्यावरून घेऊन. एकेक पोळं देठापासून कापायचं, चौकटीत बसवायचं, सुती दोऱ्यानं बांधायचं. पोळं मऊ असतं, पिल्लांच्या वजनानं फाटू शकतं. मी पोळं धरायची, दोरा कौसल्याकडं. सुट्या नाण्यांची सवय असलेले हात, दोरा असा भराभरा फिरवत होते. संतोष अंगणात लांब उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. "आई, जल्दी कर, उठतील त्या" असं दर पाच मिनिटांनी.

चौथ्या पोळ्यावर राणी दिसली. लांब, काळसर, घाईघाईनं चालणारी. तिच्यासकट पोळं पेटीत ठेवलं आणि आम्ही दोघी मागं सरलो. अलमारीतल्या उरलेल्या माश्या थोड्या घोंगावल्या. मग तळपाटाच्या तोंडाशी पाच-सहा जणी शेपटं वर करून पंख हलवायला लागल्या. हा इशारा, इथं आहोत, या. अन् त्या भिंतीवरून, दारावरून, कौसल्याच्या बाहीवरून रांगेनं आत जायला लागल्या.

"चढून राह्यल्या गं," कौसल्या पुटपुटली, "धक्काबुक्कीबिगर चढून राह्यल्या."

पेटी जुन्या भेगेसमोर हातभर अंतरावर, विटांच्या ढिगावर ठेवली. तोंड त्याच दिशेला. माशीला घराचा पत्ता जागेवरून कळतो, पेटीवरून नाही. शनिवारी सकाळी उठून आधी पळत तिथं गेले. मनात धाकधूक, रिकामी तर नाही? एक माशी आली, मागच्या दोन्ही पायांवर कांद्याच्या फुलाचे पिवळे गोळे. तिच्या मागं दुसरी. पिल्लं वाढवायचं ठरवल्याशिवाय कुणी पराग आणत नाही. ज्यांना पळायचं असतं त्या सामान भरत नाहीत. मी सरांना मनातल्या मनात जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भिंत

गवंडी आला. पेटीवर ओलं पोतं झाकून भिंत वरून उतरवायला घेतली. संध्याकाळपर्यंत मातीचा ढीग, रविवारी दुपारपर्यंत विटांची नवी भिंत कमरेपर्यंत. आता अलमारी होती त्या, म्हणजे पेटीच्या उंचीचा थर लागणार होता.

संतोष म्हणाला, "मावशी, आज रात्रीच्या गाडीनं पेटी न्यायची ना?"

"नाही जमणार. पोळी नुसती दोऱ्यावर आहेत. माश्यांनी ती मेणानं चिकटवली नाहीत तोवर गाडीच्या पहिल्या खड्ड्यात सगळं कोसळेल."

"मंग शेतात ठेवू. लिंबाखाली."

"शेत तेवढं लांब नाही रे, त्यांच्या उडण्याच्या टप्प्यातच आहे. चरायला गेलेल्या सगळ्या परत इथंच येणार. इथं नुसती भिंत. घिरट्या घालून मरतील."

तो वैतागला, आणि मग त्यानं नेमका प्रश्न विचारला. "आठ दिवसांनी तरी नेता येतील ना?"

कौसल्या विटांवर हात ठेवून उभी होती, माझ्याकडं न बघता. उत्तर मला माहीत होतं. आठ दिवसांत पोळी चिकटतात. कऱ्हाडची माझी गच्ची, पाण्याच्या वाट्यांत पाय ठेवलेला माझा रिकामा स्टँड, ग्रुपवर टाकायचा फोटो, सगळं डोळ्यासमोर आलं. खोटं कशाला बोलू, मला त्या हव्या होत्या. पेटीही माझी होती.

"येतील नेता," मी म्हटलं. "पण मी नेणार नाही. त्या कौसल्याच्या आहेत. तिला विचार."

संतोषनं आईकडं पाहिलं. गवंडी थापी हातात धरून थांबला होता, मसाला सुकत होता. कौसल्या चालत गेली आणि ज्या जागी पुढची वीट बसणार होती तिथं, अर्ध्या भिंतीवर, पाय खाली सोडून बसली.

"आई, उठ ना. काय करून राह्यली?"

"बसले."

"गवंड्याची खोटी होते."

"होऊ दे."

"अगं टीव्ही लावायचा हाय त्या भिंतीला!"

"लाव की. कोपऱ्यात लाव. मी न्हाई म्हन्ले का?" तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "भिंत तुझी, खोली तुझी, घर तुझं. इथं एक अलमारी ठेवायची, होती त्याच जागी. जुनी दारं लावायची आतून. पेटी तिच्यात बसंल, मातीगत गारव्यात राहील. तोंड बाहेरून. तीन वर्षं माह्या उशाशी होत्या, कोनाला चावल्या का?" मग गवंड्याकडं वळून, "अन् तू बघत काय राह्यला? म्या बेल दिली का? न्हाई दिली. मंग गाडी हालनार न्हाई."

मला वाटलं संतोष ओरडेल. तो नव्या भिंतीकडं आणि मग आईकडं बघायला लागला. सून दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, टीव्ही माझ्या बाजूच्या भिंतीला लावा. मला तिकडूनच दिसतो." संतोषनं डोकं खाजवलं आणि गवंड्याला म्हणाला, "ठेव बाबा अलमारी. नाप घे पेटीचं."

गवंड्यानं पेटीचं माप घेतलं, विटा दोन्ही बाजूंनी रचल्या, मागच्या बाजूला पातळ थर लावायला घेतला. "अन् बाहेरून भोक केवढं ठेवू, आजी? बोट जाईल एवढं?"

"बोट जाऊ देऊ नको," कौसल्या म्हणाली. तिनं माझ्यापुढं हात पसरला. मी पर्समधून लाल पेन्सिल काढून तिच्या हातात ठेवली. तिनं ती ओल्या सिमेंटवर आडवी दाबून धरली. "एवढं. न कमी, न जादा."

सोमवारी सकाळी सिमेंट धरल्यावर आम्ही पेटी आत सरकवली. भिंतीच्या आत पाऊस येणार नव्हता, म्हणून वर नुसती फळी टाकली आणि पत्र्याचं छप्पर माझ्याकडं आलं. माश्या नव्या भिंतीसमोर गोंधळून घुटमळल्या. कौसल्या खाली फतकल मारून बसली होती. एक माशी फटीच्या काठावर उतरली, पायांवर पिवळे गोळे, इकडं-तिकडं चालली आणि आत गेली. मग दुसरी. मग रांग लागली.

गवंडी वरच्या थरासाठी मसाला कालवून उभा होता. कौसल्यानं त्याचं घमेलं जवळ ओढलं आणि पेन्सिलीनं त्यावर दोनदा वाजवलं, टण्ण टण्ण.

"चला," ती म्हणाली, "जाऊ द्या."